किरकोळ गिऱ्हाइकांची बखर

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला जगात दोनच जाती दिसतात. काउंटरच्या अलीकडची माणसं आणि काउंटरच्या पलीकडची माणसं. अलीकडच्यांना वाटतं, पलीकडे उगीच गर्दी केलीय. पलीकडच्यांना वाटतं, अलीकडे उगीच माणसं बसवलीत. मी आजवर इमानेइतबारे अलीकडे बसत आलो. २०२५ च्या दिवाळीत मात्र घरबसल्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. आणि तेही रांगेत नव्हे, तर ज्या खिडकीवर 'बंद' अशी पाटी लटकते तिच्यापुढे.

त्याचं असं झालं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली आणि सर्वांनी विंडोज ११ वर यावं असं सुचवलं. आमचा घरचा कॉम्प्युटर विंडोज ११ च्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला. वास्तविक त्याला काही झालेलं नव्हतं. रोज सकाळी उठत होता, सांगितलेलं काम करत होता. पण धडधाकट माणसालाही ठरलेल्या तारखेला नारळ देतात, तसलाच हा प्रकार.

त्याच आठवड्यात आमच्या सौ.चा भाचा फराळाला आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे सर्वज्ञ आहे. चकली मोडत म्हणाला, "काका, लिनक्स टाकू?"

"केवढ्याला पडेल?"

"फुकट."

या शब्दाला बँकेतला माणूस फार घाबरतो. फुकटाच्या मागं कुठं तरी बारीक अक्षरांत काही तरी छापलेलं असतं, अशी आमची श्रद्धा. पण मी वामकुक्षी घेऊन उठेपर्यंत त्यानं काम उरकलं होतं. ई-मेल उघडत होती, विजेचं बिल भरता येत होतं, आणि सौ.चा पत्त्यांचा डावही मांडलेला होता. वर पडद्यावरचा सगळा मजकूर मराठीत! मी भाच्याला ओवाळणी द्यायला निघालो होतो, इतक्यात चिरंजीव ओरडले, "बाबा, माझा गेम चालत नाहीये!"

चिरंजीव नववीत आहेत. रोज रात्री आठ वाजता त्यांच्या वर्गातली सात-आठ मुलं आपापल्या घरी बसून एकत्र नेमबाजी करतात. त्या गेमनं आमच्या नव्या सिस्टिमकडे पाहून एका वाक्यात दार लावून घेतलं. आठ वाजले, सव्वाआठ झाले. पोरगं पडद्यासमोर नुसतं बसून होतं. एका गेमपुरतं हे दुःख नव्हतं. सगळा वर्ग जिथं जमला होता तिथं आपण नाही, याचं ते दुःख होतं.

सवयीप्रमाणे मी अलीकडची बाजू घेतली. "अरे, शंभरात दोन-तीन गिऱ्हाइकं तुमची. त्यांच्यासाठी वेगळी खिडकी कोण उघडणार? माणूस बसवा, पंखा लावा, लोकांच्या तक्रारी ऐका. परवडायला नको?"

भाचा शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?"

आता मी पडलो बी.कॉम. बाजू दोन असतात, जमेची आणि नावेची, एवढंच मला शिकवलेलं. मग दिवाळीच्या उरलेल्या सुट्टीत मी या प्रकरणाची खतावणीच लिहायला घेतली. लोक बखरी राजेरजवाड्यांच्या लिहितात. ही किरकोळ गिऱ्हाइकांची.

आधी अडाण्यांसाठी (म्हणजे माझ्यासारख्यांसाठी) थोडा खुलासा. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरच्या शाखेतला हेडक्लार्क. गेमला चित्र काढायचं असो की आवाज काढायचा असो, सगळ्या चिठ्ठ्या त्याच्याकडून जातात. विंडोजच्या हेडक्लार्कला चालणारी चिठ्ठी लिनक्सच्या किंवा मॅकच्या हेडक्लार्कला वाचता येत नाही. त्यामुळं तोच गेम तिकडे न्यायचा तर सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहाव्या लागतात. खर्च इथंच येतो, आणि भांडणही इथंच लागतं.

खात्याचं पहिलं पान ओएस/टू या सिस्टिमचं. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९८७ मध्ये ती भागीदारीत बाजारात आणली. पुढं भागीदारी फुटली. मायक्रोसॉफ्ट आपली विंडोज घेऊन निघून गेली आणि आयबीएमनं ओएस/टूचा संसार एकटीनं चालवला. १९९२ च्या आवृत्तीत तिनं एक मोठी सोय केली. विंडोजचे प्रोग्रॅमही ओएस/टूवर चालायला लागले. म्हणजे एखाद्या खानावळीनं पाटी लावावी की, शेजारच्या खानावळीचा डबाही आम्ही इथंच वाढू. गिऱ्हाईक खूश झालं. आचारी मात्र विचारात पडला. शेजारी रांधलेलं दोन्हीकडं खपत असेल, तर इथं वेगळी चूल मांडायची कशाला? त्यानं मांडली नाही. स्टारडॉक नावाच्या एका छोट्या कंपनीनं 'गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स' हा गेम खास ओएस/टूसाठी बनवून चूल पेटवली खरी, पण त्याच गेमची २००३ ची नवी आवृत्ती आली ती विंडोजवर. २००६ च्या अखेरीस आयबीएमनंही ओएस/टूची देखभाल थांबवली. भलेपणानं दुसऱ्याचा डबा वाढणाऱ्या खानावळीची चूल अशी विझली.

दुसरं पान मॅकचं. त्यात तर मोडलेल्या लग्नाची गोष्ट आहे. बंजी नावाची कंपनी मॅककरता चांगले गेम करायची. १९९४ चा तिचा 'मॅरेथॉन' मॅकवाल्यांच्या गळ्यातला ताईत होता. जुलै १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात खुद्द स्टीव्ह जॉब्ज यांच्या व्यासपीठावरून तिच्या नव्या 'हेलो' या गेमची घोषणा झाली. साखरपुडाच म्हणा ना. वर्षभरानं, जून २००० मध्ये, मायक्रोसॉफ्टनं सबंध बंजीच विकत घेतली. नोव्हेंबर २००१ मध्ये 'हेलो' बाहेर पडला तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा हात धरून. मॅकवाल्यांच्या दारी तो आला डिसेंबर २००३ मध्ये, म्हणजे लग्नाच्या जेवणाला बोलावून बारशाच्या घुगऱ्या हातावर ठेवाव्यात तसा.

तिसरं पान लिनक्सचं, आणि त्यावर सगळ्यात मोठी बुडीत रक्कम. १९९८ साली स्कॉट ड्रेकर नावाच्या वकिलानं वकिली सोडून कॅलिफोर्नियातल्या टस्टिन गावी लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी काढली. धंदा असा, की विंडोजवर गाजलेले गेम परवान्यानं घ्यायचे, लिनक्सच्या चिठ्ठ्यांत उतरवायचे आणि खोकी भरून विकायचे. १९९९ मध्ये पहिला गेम आला, 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर'. मग 'रेलरोड टायकून टू', 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक थ्री', 'क्वेक थ्री'. माल उत्तम होता. उशीर हाच काय तो दोष. विंडोजची आवृत्ती आधी दुकानात यायची, आणि लिनक्सच्या पुष्कळ भक्तांनी घरात गुपचूप विंडोजही ठेवलेली असायची. आवडता गेम समोर दिसल्यावर महिनोन् महिने कोण थांबतो? मी तर आंब्याच्या पेटीसाठी अक्षय्य तृतीयेपर्यंतही थांबत नाही. घ्यायचे विंडोजची प्रत, आणि हिशेबात धरले जायचे विंडोजचे गिऱ्हाईक. ऑगस्ट २००१ मध्ये लोकीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २००२ मध्ये कुलूप लागलं.

आमच्या खात्यात अशा प्रसंगी 'बुडीत' असा शिक्का मारून फाईल बांधतात. पण इतिहास हा बँकेपेक्षा चिवट वसुली करतो. लोकीत सॅम लँटिंगा नावाचा एक प्रोग्रॅमर होता. त्यानं एसडीएल नावाचं सर्वांना मोफत असं एक साधन बनवलं होतं. सगळ्या हेडक्लार्कांना चालेल असा एकच छापील फॉर्म म्हणा. कंपनी गेली, फॉर्म राहिला. आजही असंख्य गेम तो फॉर्म भरूनच कॉम्प्युटरशी बोलतात, त्यात विंडोजवरचेही आले. किरकोळ गिऱ्हाइकासाठी केलेली सोय शेवटी ठोक गिऱ्हाइकांनी वापरली.

तेव्हा हे गिऱ्हाईक फुकटं आहे, हा माझा समजही तपासून पाहिला. मे २०१० मध्ये 'हम्बल इंडी बंडल' नावाचा एक प्रयोग झाला. काही छोटे गेम एकत्र बांधले आणि सांगितलं, हवी ती किंमत द्या. विंडोजवाल्यांनी सरासरी आठेक डॉलर दिले, मॅकवाल्यांनी दहाच्या आसपास, आणि ज्यांची सिस्टिमच मुळी फुकट त्या लिनक्सवाल्यांनी चौदाच्या वर! आमच्या शाखेतही हेच पाहतो. मोठ्या खातेदारापेक्षा आवर्त ठेवीचा हप्ता भरायला येणारा अधिक वक्तशीर असतो.

आता दुसरी बाजू. तीही खोटी नाही. 'रॉकेट लीग' हा मोटारींनी फुटबॉल खेळायचा गेम जुलै २०१५ मध्ये विंडोजवर आला. मॅक आणि लिनक्सवर सप्टेंबर २०१६ मध्ये. जानेवारी २०२० मध्ये कंपनीनं जाहीर केलं की मॅक आणि लिनक्स दोन्ही मिळून खेळणारे ०.३ टक्क्यांहूनही कमी आहेत, सबब मार्चपासून खिडकी बंद. पैसे परत देण्याची सोय मात्र ठेवली, हे जमेच्या बाजूला लिहायलाच हवं. पुढं 'एपेक्स लेजंड्स' या गेमनं ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस लिनक्सला दार बंद केलं. कारण लबाडीचं. अशा गेमांत लबाडी पकडणारा एक पहारेकरी बसवलेला असतो. लिनक्समध्ये घराच्या सगळ्या किल्ल्या घरमालकाकडेच असतात, त्यामुळं चोर कोण आणि मालक कोण हे त्या पहारेकऱ्याला ओळखणं अवघड जातं. मी स्वतः खोट्या नोटा पकडायला बसतो. ही भीती मला कळते.

पण तो ०.३ चा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. आकड्यांशी माझं वीस वर्षांचं सख्य. खोटं बोलत नाही तो, हे मला माहीत आहे. तरी काही तरी टोचत होतं. आणि मग आठवलं.

सात-आठ वर्षांपूर्वी वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं होतं. आपल्या शाखेत पैसे भरण्याच्या मराठी स्लिपांचा दरमहा खप किती, ते कळवावं. काम माझ्याकडं आलं. मी महिनाभर स्लिपा मोजल्या आणि शाखेचा गोल शिक्का मारून कळवलं, 'निरंक'. अक्षरशः खरं होतं ते. फक्त एक गोष्ट त्या रकान्यात बसत नव्हती. वर्षभरापूर्वी शाखेत नवं टेबल आलं होतं, त्याला स्लिपांसाठी एकच कप्पा होता, आणि त्यात आम्ही इंग्रजी स्लिपा ठेवल्या होत्या. मराठीचे गठ्ठे कपाटात, खालच्या खणात. मागितले असते तर दिले असते. कुणी मागितले नाहीत. माझ्या 'निरंक'नंतर मराठी स्लिपा छापून यायच्या थांबल्या.

काही दिवसांनी भाजी विकणाऱ्या एक मावशी भरणा करायला आल्या. दर शनिवारी यायच्या. स्लिप पुढं करत म्हणाल्या, "साहेब, पूर्वी आपली मराठी चिठ्ठी असायची, ती बंद केली का?"

"हो मावशी. कुणी वापरत नाही ना."

"मी वापरायचे की."

मी स्लिप पाहिली. अक्षर शाळकरी होतं. टेबल बदलल्यापासून त्या नातवाकडून इंग्रजीत भरून आणत होत्या, आणि मी त्यांना महिनाभर इंग्रजी स्लिपांत मोजत होतो. लोकीच्या गिऱ्हाइकांना दुकानदारानं विंडोजमध्ये मोजलं, तसंच. मी शिक्का मारला, पावती फाडून दिली. त्या गेल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी काही विचारलं नाही, आणि मीही काही केलं नाही.

असो. बखर पुढं चालवू.

याच धंद्यातलं एक बडं गिऱ्हाईकही एक दिवस पलीकडच्या रांगेत येऊन उभं राहिलं. व्हॉल्व्ह ही कंपनी स्टीम नावाचं गेमांचं प्रचंड दुकान चालवते, आणि ते दुकान मुख्यतः विंडोजच्या ओट्यावर थाटलेलं. तिचे प्रमुख गेब न्यूएल हे मायक्रोसॉफ्टमध्ये तेरा वर्षं नोकरी करून आलेले. २०१२ मध्ये विंडोज ८ च्या पोटात मायक्रोसॉफ्टनं स्वतःचंच दुकान आणलं, तेव्हा न्यूएल यांनी हे साऱ्या धंद्यावरचं संकट असल्याचं उघड बोलून दाखवलं. ओट्याचा मालकच शेजारी गाळा टाकतोय म्हटल्यावर भाडेकरू दुसरी जागा बघणारच. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'स्टीम मशीन' नावाची लिनक्सची खेळयंत्रं काढली, ती सपशेल पडली. कारण जुनंच: गेम नाहीत म्हणून माणसं नाहीत, माणसं नाहीत म्हणून गेम नाहीत. मग व्हॉल्व्हनं वेगळा मार्ग धरला. १९९३ पासून काही मंडळी वाइन नावाचं एक साधन घडवत होती. (हे वाचून दाखवताना सौ.नं माझ्याकडं संशयानं पाहिलं.) विंडोजची चिठ्ठी लिनक्सला समजावून सांगणारा हा दुभाष्या. त्यालाच पोसून, बळकट करून ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' तयार झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये हातात धरून खेळायचं 'स्टीम डेक' यंत्र आलं. आत लिनक्स आणि तोंडात प्रोटॉन. हजारो विंडोज गेम त्यावर चालू लागले. स्टीमच्या पाहणीत कित्येक वर्षं एका टक्क्याच्या आसपास घुटमळणारा लिनक्सचा आकडा २०२५ मध्ये तीन टक्क्यांवर गेला.

इथं चाणाक्ष वाचक विचारतील, की हा तर पुन्हा ओएस/टूचाच डबा झाला! हीही खानावळ बुडणार? मीही भाच्याला हेच विचारलं. त्यात फरक एवढाच, की ओएस/टू विकून आयबीएमला पैसे मिळवायचे होते. विक्री संपली, दुकान संपलं. लिनक्सला मुळात गल्लाच नाही. ज्याचा गल्ला नाही त्याचं दिवाळं काढणार कसं? बँकेच्या माणसाला हा विचार पचायला जड गेला, पण अखेर पचला.

राहता राहिला तक्रारींचा मुद्दा. २०२१ मध्ये 'डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न' या छोट्या गेमच्या कर्त्यानं आपला हिशेब जाहीर केला. विक्रीत लिनक्सवाले ५.८ टक्के, दोषांच्या तक्रारींत मात्र सुमारे ३८ टक्के! मी आनंदानं टाळी वाजवणार, तोच पुढचं वाचलं. त्यांच्या सुमारे ४०० तक्रारींपैकी केवळ लिनक्सपुरते दोष तीन. बाकीचे सगळ्यांनाच छळणारे होते. फक्त यांनी नीट लिहून कळवले होते, आणि तो गृहस्थ त्यांचे आभार मानत होता. पासबुकातली चूक दाखवणाऱ्या खातेदाराचे आभार मानावेत, असं मला वीस वर्षांत एकदाही सुचलेलं नाही.

तेव्हा खतावणीची तेरीज अशी. दर पाच गिऱ्हाइकांसाठी वेगळी खिडकी उघडा, असं मी बी.कॉम. असताना म्हणू शकत नाही. छोट्या कंपनीचं त्यात कंबरडं मोडेल. पण खिडकी न उघडणं वेगळं आणि दाराला आतून कडी घालणं वेगळं. प्रोटॉन फुकट दुभाष्या देत असेल, तर त्याला आत येऊ द्यावं. पहारेकरी बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय केली. ती मागायची की नाही हे गेमवाल्याच्या हाती आहे. खिडकी बंद करायचीच तर पैसे परत द्यावेत. आणि दुकान गुंडाळताना चिठ्ठ्यांचा मसुदा मागं ठेवावा. 'डूम' हा १९९३ चा गेम. त्याच्या कर्त्यांनी १९९७ च्या डिसेंबरात मसुदा खुला केला, आणि तो गेम अजून कुठल्याही यंत्रावर चालतोच आहे. आणि आकडा छापताना एवढं तरी लिहावं, की मोजणी केली तेव्हा कपाट उघडं होतं की बंद.

चिरंजीवांचा तो गेम अजून आमच्याकडं चालत नाही. प्रोटॉनवर दुसरे पुष्कळ चालतात, पण आठ वाजले की ते मित्राच्या घरी जातात आणि त्याच्या विंडोजवर आळीपाळीनं खेळतात. कंपनीच्या हिशेबात ते आता विंडोजचे.

माझ्या पडद्यावर मात्र 'फाइल', 'संपादन', 'मुद्रण' असं मराठीत येतं. हे भाषांतर कोणा स्वयंसेवकांनी केलंय. किती लोक वापरतील याचा खप त्यांना कुणी विचारला नसावा. विचारला असता, तर माझ्यासारख्यानं 'निरंक' कळवलं असतं.

सुट्टी संपल्यावर पहिल्या सोमवारी मी कपाटाच्या खालच्या खणातून मराठी स्लिपांचा एक गठ्ठा काढला, धूळ झटकली, आणि टेबलावर कप्पा नव्हता म्हणून सौ.चा फराळाचा रिकामा डबा नेऊन त्यात ठेवला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "जुन्या आहेत हो या."

"रकाने तेच आहेत, साहेब."

शनिवारी संध्याकाळी मोजल्या. चौदा गेल्या होत्या.

"चौदा म्हणजे काही फार नाहीत," साहेब म्हणाले.

"नाहीत, साहेब. पण निरंकही नाही."